हात माणसात येईपर्यंत

मी कोल्ड स्टोरेजमध्ये काम करतो. मासे, मटार, आइसक्रीम, जे जे गोठवून ठेवायचं ते आमच्याकडे येतं. आतल्या खोलीत उणे अठरा असतं. अंगात जाड कोट, कानावर टोपी, पायात लोखंडासारखे जड बूट. हातमोजेही मिळतात, पण माझं काम खोक्यांवर लेबलं लावण्याचं, आणि लेबलामागचा कागद मोजा घालून सुटत नाही. त्यामुळे माझ्या उजव्या हाताचा मोजा बहुतेक वेळ खिशातच असतो. थोडा वेळ आत, थोडा वेळ बाहेर, पुन्हा आत, असं दिवसभर चालतं. आजूबाजूचे लोक आम्हाला पेंग्विन म्हणतात. आम्हीही एकमेकांना तेच म्हणतो.

घर गेटपासून पाच-सात मिनिटांवर. ते मुद्दाम जवळ घेतलं होतं. हिचा आग्रह होता. ही म्हणजे माझी बायको. ती म्हणाली होती, "दिवसभर बर्फात राहणाऱ्या माणसाला घरचा चहा तरी लवकर मिळू दे."

त्या चहावरून आमच्या घरात एक जुना विनोद होता. मी यायचो, कप हातात घ्यायचो आणि ओरडायचो, "अगं, किती कढत केलास!"

"अहो, अर्धा तास झाला ओतून. साय आलीय त्याच्यावर."

"मग माझा हात का भाजतोय?"

"तुमच्या हाताला अख्खं जग तापलेलंच लागतं. जगाचा काय दोष?"

मुलगी लहान असताना तर याचा कहर झाला. मी कामावरून आल्या आल्या पाळण्याशी जायचो, तिच्या कपाळाला हात लावायचो आणि म्हणायचो, हिला ताप आहे. दोनदा मी तिला तशीच उचलून डॉक्टरांकडे नेली. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी थर्मामीटर पाहिलं, मग माझा हात हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "पोरगी ठणठणीत आहे. बापाला जरा शेकून काढा."

त्यानंतर हिने नियम केला. कामावरून आलं की आधी बूट काढायचे, खुर्चीत बसायचं, दोन्ही हातांत कप धरून चहा प्यायचा, आणि मगच कुणाला हात लावायचा. "हात माणसात येऊ देत आधी," असं ती म्हणायची. मुलगी मोठी झाली, शाळेत गेली, नोकरीला लागली, लग्न करून दुसऱ्या घरी गेली, तरी हे वाक्य घरात राहिलं. हे सगळं मी आधी सांगतोय, कारण आमच्या घरात ही गोष्ट कुणाला माहीत नव्हती असं नाही. सगळ्यांना माहीत होती.

हिला बरीच वर्षं साखरेचा त्रास होता. तळपाय बधिर झालेले. जमिनीवर चालताना कापसावर चालल्यासारखं वाटतं, असं म्हणायची. मग उजवी पोटरी धरायला लागली. बाजारात जाताना ती दर तिसऱ्या दुकानाच्या काचेपुढे थांबायची. कधी भांडी बघत, कधी दिवे, एकदा तर मासेमारीचे गळ बघत उभी राहिली.

मी विचारलं, "आता मासे धरायला जाणार की काय?"

"नवरा एवढ्या वर्षांपूर्वी गळाला लागला, आता दुसरं काय धरायचंय?" ती म्हणाली. पण कपाळावर घाम होता. थांबल्यावर कळ जायची, चालल्यावर परत यायची. दुकानं बघणं हे निमित्त होतं. ते आमच्या मुलीने ओळखलं.

मुलीला घरात आम्ही ठकी म्हणतो. लहानपणी गाल फुगवून बाहुलीसारखी बसायची म्हणून. आता ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते, आणि शिकणारे तिला घाबरून असतात. तिने आईला गाडीत घातलं आणि थेट हॉस्पिटलमध्ये नेलं. तपासणीत निघालं की मांडीतली मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद झालीय. डॉक्टर तरुण होते, नीट समजावून सांगणारे. जांघेतून बारीक तार घालायची, तिच्यावरून फुगा नेऊन वाट मोकळी करायची आणि तिथे जाळी बसवायची. कापाकापी नाही. दुसऱ्या दिवशी घरी.

"टाचणीएवढं भोक?" हिने विचारलं. "मग एवढे दिवस मी उगाच दुकानं बघत फिरले!"

सोमवारी जाळी बसली. मी दोन दिवस रजा घेतली होती. मंगळवारी दुपारी सोडताना वॉर्डातल्या सिस्टरने मला पलंगाजवळ बोलावलं. हिच्या पावलाच्या वरच्या बाजूला बॉलपेनने एक निळी फुली काढलेली होती.

"काका, ही पायाची नाडी. इथे दोन बोटं ठेवा. दाबू नका, नुसती टेकवा. लागली?"

लागली. बारीक, पण नेमाने चालणारी.

"रोज सकाळ-संध्याकाळ बघायचं. नाडी लागतेय ना, पाऊल गरम आहे ना, रंग बदलला नाही ना. दुसऱ्या पायाशी ताडून बघायचं. यांच्या पायाला समजत नाही, त्यामुळे दुखेल तेव्हा सांगतील असं धरून चालू नका. जाळीत गुठळी झाली तर आधी पाऊल गार पडतं. गार लागलं की लगेच यायचं. फोन करत बसायचं नाही, यायचं."

"आणि गोळ्या?"

"गोळ्या एकही चुकवायच्या नाहीत. रक्त पातळ ठेवणाऱ्या आहेत त्या. आणि फुली आंघोळीत गेली तर परत काढा."

ठकी म्हणाली, "बाबा, हे काम तुमचं. आईवर सोडू नका, ती सगळं ठीक आहेच म्हणणार."

"माझंच," मी म्हणालो.

मला हे काम मिळालं याचा आनंद झाला होता. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हिच्या आजारपणात माझ्याकडे कधी काही नव्हतं. पथ्य ती बघायची, गोळ्या ती घ्यायची, तपासणीला मुलगी न्यायची. मी खोकी उचलणारा माणूस. आता दोन बोटं टेकवायचं तरी काम माझं होतं.

बुधवारपासून मी कामावर गेलो. सकाळी मी लवकर निघायचो, तेव्हा ही गाढ झोपलेली असायची, पायात लोकरीचे मोजे. तिला उठवून मोजे काढायला जिवावर यायचं. म्हणून सकाळचं बघणं मी सोडलं आणि संध्याकाळचं मनापासून करायचं ठरवलं. पाळी सुटली की मी रेंगाळत नसे. फोर्कलिफ्ट चालवणारा एक जण आहे, त्याला आम्ही कासव म्हणतो. तो म्हणाला, "काय रे पेंग्विना, नवीन लग्न झाल्यासारखा पळतोस!" मी खरंच पळत होतो. घरात शिरलो की बूट न काढता, कोट न काढता थेट पलंगाशी गुडघे टेकायचो, तिच्या पायातला मोजा काढायचो आणि पाऊल हातात घ्यायचो.

ही म्हणायची, "अहो, चहा तर घ्या आधी."

"चहा कुठे पळून जातोय? आधी पाय."

पाऊल गरम लागायचं. पहिल्या दिवशी दुसऱ्या पायालाही हात लावला, तोही गरम. मग दुसऱ्या पायाचं सोडून दिलं. फुलीवर दोन बोटं ठेवायचो. ठोके लागायचे. हॉस्पिटलमध्ये लागले होते त्याच्यापेक्षा जोरात. मी हिला म्हणायचो, "बघ, इंजिनासारखी चाललीय!" आणि ती हसायची. रंग मी बघितला की नाही, मला नीट आठवत नाही. खोलीतला दिवा पिवळा होता, त्या दिव्यात सगळंच पिवळं दिसतं. माझा भरवसा हातावर होता.

गुरुवारी ठकीचा फोन आला. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पायाचा रक्तप्रवाह तपासायची वेळ घेतलेली होती.

"बाबा, उद्या माझ्याकडच्या तिघांची लायसन्सची परीक्षा अचानक लागलीय. आईला सोमवारी नेलं तर? हॉस्पिटलमध्ये विचारलं, ते म्हणतात पाय चांगला असेल तर हरकत नाही. पाय गरम आहे ना?"

"गरम आहे."

"नाडी?"

"मघाशीच बघितली. धडधडतेय."

"मग सोमवार चालेल ना?"

"चालेल गं. तू तुझ्या पोरांना पास कर."

शुक्रवारी संध्याकाळी ही म्हणाली, पाय जड वाटतोय, ओढल्यासारखा. मी हात लावला. गरम. बोटं टेकवली. ठोके. म्हणालो, "पडून राहिलीस म्हणून. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. चल, ऊठ." मी तिला हाताला धरून खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत आणि परत, अशा फेऱ्या घालायला लावल्या.  एकदा ती ओट्याला धरून थांबली, पूर्वी दुकानांपुढे थांबायची तशी. मी म्हणालो, "इथे काय काच आहे का बघायला?" आणि ती माझ्यासाठी हसली.

शनिवारीही तेच. फुली फिकट झाली होती, ती मी बॉलपेनने परत काढली.

रविवारी मला सुट्टी होती. सकाळी सावकाश उठलो, पांघरुणातच होतो. हात अंथरुणात राहून ऊबदार झालेले. हिला जाग आली होती. म्हटलं, आज वेळ आहे तर सकाळीच बघू. पांघरूण बाजूला केलं, मोजा काढला आणि पाऊल हातात घेतलं.

तो गारवा मी ओळखतो. आमच्या खोलीतून बाहेर काढून थोडा वेळ ठेवलेल्या मालाला तसा गारवा असतो. वरून मऊ, आतून थंड. मी दुसरं पाऊल धरलं. ते माणसाचं होतं. फुलीवर बोटं ठेवली आणि वाट बघत बसलो. काही नाही. थोडं सरकवून बघितलं. काही नाही. खिडकीतून उजेड येत होता, त्यात बोटं निळसर पांढरी दिसत होती आणि घोट्यापर्यंत डाग पडले होते.

ही म्हणाली, "काय झालं हो? तोंड का असं?"

त्याच वेळी माझ्या लक्षात आलं. हळूहळू नाही, सगळं एकदम. चार संध्याकाळी मी ज्या हाताने पाऊल धरलं होतं त्याला गरम लागलं नसतं असं काहीच नव्हतं. आणि ते ठोके. गोठलेल्या बोटांत रक्त परत यायला लागलं की बोटांची टोकं ठणकतात, हे आमच्यातला प्रत्येक जण जाणतो. तिच्या पायावर बोटं ठेवून मी माझीच नाडी मोजत होतो.

"काही नाही," मी म्हणालो. "जरा गार लागतंय. हॉस्पिटलात जाऊन येऊ."

ठकी गाडी घेऊन आली. तिने एवढ्या वेगाने गाडी चालवलेली मी कधी पाहिली नव्हती. शिकवताना ती कुणाला असं चालवू देत नाही.

डॉक्टरांनी पाऊल पाहिलं, छोट्या यंत्राने आवाज ऐकायचा प्रयत्न केला. यंत्रातून नुसती खरखर आली. हिला बोटं हलवायला सांगितली. हलली नाहीत. मग पळापळ. जाळी आतून बंद होत गेली होती आणि शेवटी गुठळीने वाट बुजली होती. पुन्हा बारीक नळी घातली, तिच्यातून गुठळी विरघळवायचं औषध थेंब थेंब सोडलं. दुपारी बोटांना जरा रंग आला. ठकीने माझा दंड घट्ट धरला, "बाबा, बघा, बघा!" मग जांघेतून रक्त यायला लागलं, थांबेना. औषध बंद करावं लागलं. पाय उघडून गुठळी काढली. पोटरीवरची कातडी दोन्ही बाजूंनी चिरून मोकळी ठेवली, कारण आत सूज येऊन स्नायू चेपत होते. पण खालचे स्नायू तोवर मेले होते. रक्त परत वाहायला लागलं तेव्हा त्या मेलेल्या मांसातलं विष अंगभर गेलं. डॉक्टरांनी गुडघ्याखाली पाय काढायला सही मागितली. मी सही केली. मूत्रपिंडं बसली. मग हृदय.

मधे एकदा ती शुद्धीवर होती, तेव्हा मला म्हणाली, "तुम्ही चहा घेतला का?"

ती गेल्यावर डॉक्टर आम्हाला बाजूच्या खोलीत घेऊन बसले. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. म्हणाले, अशा जाळ्या काही जणांच्या बंद होतात, सगळं नीट केलं तरी. साखर असलेल्यांच्या जास्त. ठकीने विचारलं, "लवकर आलो असतो तर?"  खरं सांगावं की नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग म्हणाले, "दोन-तीन दिवस आधी आला असतात तर कदाचित पाय वाचला असता. कदाचित."

ठकी म्हणाली, "शुक्रवारी."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मला सगळं माहीत होतं. तिने शुक्रवार पुढे ढकलला तो माझ्या शब्दावर, आणि माझा शब्द होता माझ्या हातावर. एवढं एक वाक्य सांगायचं होतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. मला वाटलं, बायको गेली, आता मुलगीही जाईल. तिच्यावाचून मला कुणी नाही. म्हटलं, आत्ता नको, दिवस होऊ देत. मग दिवस झाले, आठवडे झाले. एकदा गिळलेलं वाक्य परत तोंडात येत नाही.

ठकी दर रविवारी यायची. आईच्या खुर्चीत बसायची नाही. घर पुसायची, कपाटं आवरायची, एखाद्या मोलकरणीसारखी, आणि जेवायला बसली की चमचा ताटात फिरवत राहायची. मी म्हणायचो, जेव गं. ती म्हणायची, जेवतेय. जावई मला फोनवर म्हणाले, "घरीही अशीच आहे. काही विचारलं की एकच म्हणते, मीच तारीख बदलली."

मग ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांचा फोन आला. तिने गाडीवर जाणं सोडलं होतं. आतल्या टेबलाशी बसून अर्ज तपासत होती.

"काका, तिला समजवा. तिच्याइतकं शिकवणारं माझ्याकडे कुणी नाही. पोरं रडतात तिच्यापुढे, पण एकही नापास होत नाही."

मी रविवारी तिला विचारलं. ती फडकं पिळत होती.

"बाबा, शिकणारा शेवटी मला विचारतो, मॅडम, आता परीक्षेला बसलो तर चालेल का? मला चालेल म्हणवत नाही. तोंडच उघडत नाही. मी म्हणायचं, आणि उद्या त्याने कुणाला उडवलं तर?"

"तुझं चुकलं नाही त्यात," मी म्हणालो.

"कशात?"

मी खिडकी लावायला उठलो. ती पुन्हा फडकं पिळायला लागली. त्यात पाणी राहिलं नव्हतं.

एका बुधवारी मी पाळी संपवून घरी आलो तर दार उघडं. ठकी स्वयंपाकघरात बसली होती, डोकं धरून. गॅसवर चहाचं आधण.

"आज कशी गं?"

"अर्ध्यातून आले. डोकं ठणकतंय. दिवसभर त्या दिव्याखाली कागद बघायचे. तुमचा खाऊचा डबा बघितला, बरणीच्या मागे होता, तुमच्या आवडीचं काही उरलंच नाहीये त्यात."

असं काहीबाही बोलत होती. मी बूट काढले नव्हते. तिला बघून सवयीने पुढे झालो आणि कपाळावर हात ठेवला.

"अगं, तापलीयस की! चांगलाच ताप आहे."

ती हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा. खांदे हलवून, नाकातून आवाज काढत, अगदी आईसारखी.

"बाबा, तुमच्या हाताला अख्खं जग तापलेलंच लागतं! आई असती तर म्हणाली असती, बूट काढा, चहा घ्या, हात माणसात येऊ..."

तिथे थांबली.

माझा हात अजून तिच्या कपाळावर होता. तिने तो धरून खाली घेतला. दोन्ही हातांत धरून उलटा केला, सुलटा केला. बोटांची पांढरी टोकं पाहिली. एक बोट दाबून धरलं, थोडा वेळ तसंच. त्यात काय लागत असेल ते मला माहीत होतं.

"बाबा," ती म्हणाली, "आईचा पाय तुम्ही कधी बघायचात?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. कधी ना कधी ती विचारेल म्हणून मी ते पाठ करून ठेवलं होतं. रात्री, जेवण झाल्यावर, असं म्हणायचं. तिला पटलं असतं. पटवून घेतलं असतं तिने. आणि उद्या ती परत त्या दिव्याखाली जाऊन बसली असती. परवाही. माझ्या वयाची होईपर्यंत.

"आल्या आल्या," मी म्हणालो.

"चहाच्या आधी?"

"बूटसुद्धा काढत नव्हतो."

"आणि नाडी?"

"माझीच होती."

आधण उकळून वर आलं, सांडलं, गॅसवर चरचरलं. दोघांपैकी कुणी उठलं नाही.

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्या रविवारी सकाळी. पाऊल हातात घेतलं तेव्हाच."

तिने माझा हात सोडला. "म्हणजे डॉक्टरांसमोर मी शुक्रवार म्हणाले, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि तेव्हापासून मी इथे येतेय, फरशा पुसतेय."

"हो."

"आणि तुम्ही बघत होतात."

मी मान हलवली. मला वाटलं ती ओरडेल. क्लच चुकीचा दाबला म्हणून ओरडणारी मुलगी आहे ती. मी वाट बघत होतो, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"हात गार होते, ते मी समजू शकते, बाबा," ती हळू म्हणाली. "आपल्याला सगळ्यांनाच माहीत होतं ते. मलाही. मी तरी फोनवर कुठे विचारलं, चहा घेतलात का म्हणून. पण हे..."

 ती उठली, गॅस बंद केला. जेवढा चहा उरला होता तो एका कपात गाळला आणि माझ्यासमोर ठेवला. पर्स घेतली.

"घ्या," ती म्हणाली, "गार होईल." आणि गेली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी फोन केला, जावयांनी उचलला. म्हणाले, बरी आहे, जेवते, पण सध्या तुमच्याशी बोलायचं नाही म्हणते. त्यांनी काय झालं विचारलं नाही, म्हणजे त्यांना माहीत असावं. मी घर स्वतःच पुसायला लागलो. ती किती नीट पुसायची ते तेव्हा कळलं.

मग एकदा दुपारच्या सुट्टीत कासव म्हणाला, "पेंग्विना, तुझी पोरगी पुन्हा गाडीवर दिसली रे. माझ्या भाच्याला काल रडवलंन. घरी येऊन आईच्या मांडीत डोकं घालून बसला, घोडा एवढा मोठा!"

"तीच होती? नक्की?"

"दुसरी कोण एवढं ओरडणार?"

त्या दिवशी मी आत जरा जास्तच लेबलं चुकीची लावली.

मी तिला पाहिलं त्यानंतर काही दिवसांनी. पाळी सुटून गेटबाहेर पडलो होतो. आमच्या गेटसमोर रस्ता चढाचा आहे आणि मालाचे ट्रक सारखे आत-बाहेर करतात. चढावर एक शिकाऊ गाडी बंद पडली होती. मागे ट्रक, त्याच्यामागे दुसरा, दोघे हॉर्न वाजवत होते. गाडी चालवणाऱ्या बाई माझ्या वयाच्या असतील, त्यांनी स्टिअरिंगला मिठी मारल्यासारखं धरलं होतं. शेजारी ठकी. काच खाली होती.

"वाजवू दे त्यांना," ती म्हणत होती. "त्यांचा हॉर्न आहे, वाजवतील. तुम्ही आरशात बघू नका, पुढे बघा. पाय थरथरतोय ना? थरथरू दे. क्लच. हं. हँडब्रेक. अजून सोडायचा नाही."

मग तिला मी दिसलो. गेटपाशी, कोटात, दोन्ही हात काखेत दाबून उभा. थंडीतून आलं की आम्ही सगळे तसेच उभे राहतो. ती माझ्याकडे बघत राहिली. मला हात वर करावासा वाटला. केला नाही.

बाईंनी विचारलं, "मॅडम, आता सोडला तर चालेल?"

ठकीने मान पुढे वळवली. गाडीचा आवाज ऐकला, थोडी थांबली.

"चालेल," ती म्हणाली. "न्या आता."

गाडी एक झटका देऊन पुढे गेली आणि चढावरून दिसेनाशी झाली. तिने मागे वळून पाहिलं नाही. पाहील असं मला वाटलंही नव्हतं.

मी घरी गेलो. दाराशी बूट काढले, कोट खुंटीला लावला, आधण ठेवलं. खुर्चीत बसून दोन्ही हातांनी कप धरला. कढत लागला, म्हणजे तो कढत होता की नव्हता ते अजून सांगता येणार नव्हतं. मी कप तसाच धरून बसून राहिलो, हात माणसात येईपर्यंत. कुणाला हात लावायचा नव्हता, तरी.